मी बटणावर, ती काचेवर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शहाद्याच्या एका ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या दुकानाचा मॉनिटर. संध्याकाळ होती, देवाजवळ दिवा लावायच्या आधीची. पडद्याच्या डाव्या अंगाला वरती एक हिरवा ठिपका अडकून बसला होता. मोहरीपेक्षा बारीक. पण असा ठिपका एकदा दिसला की माणसाला मग दुसरं काही दिसत नाही, सगळा पडदा सोडून डोळा तिथंच जातो.

मी ठिपक्याला लागून चिकटपट्टीचा एक तुकडा लावला. पडदा बंद केला. कौसा, म्हणजे माझी बायको, स्टुलावर येऊन बसली. तिच्या बोटाला मी धोतराच्या जुन्या मऊ कापडाची ओलसर चिंधी गुंडाळली. तिला डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं, म्हणून पट्टीचा कोपरा बोटाने चाचपायचा, तिथंच दाबायचं, आणि तिने दाबून धरलं असतानाच मी बटण चालू करायचं, असं आमचं ठरलेलं होतं. मी बटणावर, ती काचेवर.

"आठे का?"

"तठे नही, जरा वर. कोपरा लागना का? हां. दाब आते. इतलं नको, पापड लाटी ऱ्हायनी का तू?"

"मंग तुम्हीच दाबा ना."

"मन्हा हात जड शे."

"जीभ बी जडच शे तुम्हनी."

मी बटण दाबलं. पडदा पांढरा झाला, ठिपका होता तिथंच. पुन्हा बंद, पुन्हा दाब, पुन्हा चालू. असं करता करता एकदा तो गेला.

"गया का?"

"गया."

"खरं सांगा."

"गया म्हनस ना! तुले काय लिखी देऊ?"

ती हसली, चिंधी सोडून पिळून खुंटीला टाकली, आणि खिचडी टाकायला आत गेली. जेवताना तिने जुनाच विषय काढला. "मन्हं डोयास्नं काय ठरायं?" मी म्हटलं, "ताटवर बसीसन हाई बोलू नको." तिने पापड मोडून माझ्या ताटात टाकला.

विषय असा होता की मेल्यावर तिला डोळे द्यायचे होते, दुसऱ्या कोणाला लावायला. आणि मी वर्षभर नाही म्हणत होतो. त्या संध्याकाळीही मी नाहीच म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही.

हे मी आधीच सांगून टाकलं. हा अंक काढणारे मास्तर घरी आले तेव्हा म्हणाले होते, नाना, तुमच्या धंद्यावर लिहा, लोकांना माहीत नाही असा धंदा आहे. मी म्हटलं, मी सातवी शिकलेला माणूस, मला धंद्यातून कौसा वेगळी काढता येणार नाही. ते म्हणाले, नका काढू. म्हणून लिहितोय. शुद्धलेखन तुम्ही बघून घ्या.

आता धंदा सांगतो. नंदुरबारात स्टेशनच्या मागच्या गल्लीत आमचं घर, पुढच्या खोलीत दुकान. रेडिओ केले, डब्यासारखे टीव्ही केले, नंतर चपटे पडदे आले. कंप्युटरमधलं मला काही कळत नाही. लोक विचारतात, नाना, यात पत्र कसं लिहायचं? मी सांगतो, मला विचारू नका, मी फक्त पडद्याचा माणूस.

पडदा म्हणजे काय, तर आमच्याकडची मिरचीची पथारी. बाहेरच्या माणसाला सांगायला पाहिजे, नंदुरबारला गावाबाहेर मोठमोठ्या मोकळ्या जागांवर ओली लाल मिरची वाळायला पसरतात, तिला पथारी म्हणतात. लांबून बघितलं तर जमिनीवर एकच लाल चादर. जवळ गेलं की कळतं, एकेक मिरची वेगळी आहे. पडदाही तसाच. लांबून लग्नाचा फोटो, जवळ जाऊन भिंग लावलं तर लाखो बारीक ठिपके. एकेका ठिपक्यात पुन्हा तीन रंग, लाल, हिरवा, निळा. तिघं कमी-जास्त होतात आणि त्यातून सगळ्या जगाचे रंग तयार होतात. त्यातला एखादा अडकतो. चित्र बदललं तरी तो आपला हिरवाच राहतो, नाहीतर लालच राहतो. याला आम्ही अडकलेला म्हणतो. दुसरा असतो तो मेलेला. तो कायम काळा. अडकलेला सुटू शकतो, मेलेल्याला काही करता येत नाही. हे मी गिऱ्हाइकाला पहिल्या वाक्यात सांगून टाकायचो. गोड बोलायची सवय नाही.

उपाय दोनच. एक म्हणजे पडद्यावर लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा असे रंग भराभरा बदलत ठेवायचे, काही तास. त्या लुकलुकीत अडकलेला कधीकधी जागा होतो. फिट येणाऱ्या माणसाने त्या वेळी पडद्यासमोर बसू नये, हेही सांगून ठेवतो. दुसरा उपाय म्हणजे वर सांगितला तो, ओल्या चिंधीचा. तो हलक्या हाताचा. पडद्याला सगळे काच म्हणतात, पण वरून ती साय असते. जोरात दाबलं तर एका ठिपक्याचा डाग होतो. आणि दोन्ही उपाय करून ठिपका नाही गेला तर नाही गेला. त्यात हमी नाही.

पण उपायाच्या आधी ठिपका सापडला पाहिजे, आणि तिथं माझं घोडं अडायचं. गिऱ्हाईक दाखवून जायचं, ते गेलं की मला तो दिसायचा नाही. एकदा असाच पडद्याला नाक लावून बसलो होतो. कौसा पथारीवरून आली होती, दारात चपला काढता काढताच म्हणाली, "हाई कोपरामा लाल काय शे?" मला तो लाल ठिपका तिने बोट दाखवल्यावरही लवकर दिसला नाही.

तिचा डोळा पथारीवर तयार झालेला. लग्नाआधीपासून ती मिरचीचे देठ खुडायला आणि फटकी निवडायला जायची. फटकी म्हणजे रंग उडालेली, पांढरट मिरची. लालेलाल ढिगातून ती फटकी अशी उचलायची की बघणाऱ्याला वाटावं फटकीनेच हात वर केला. त्या दिवसापासून नियम झाला. पडदा आला की पाचही रंग एकेक करून लावायचे, कौसाने बघायचं, मी पट्टी लावायची. काळ्या पडद्यावर ठिपका चांदणीसारखा दिसायचा. ती म्हणायची, "दोन शेत. एक मोठी माय, एक पोरगी."

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. विसरवाडीला हायवेवर एकाचा ढाबा. त्याने मागच्या अंगणात कॅमेरा बसवला आणि गल्ल्याजवळ पडदा. अंधार पडला की अंगणाच्या कोपऱ्यात कोणीतरी उभं राहून विडी ओढतंय, असं त्याला रोज दिसायचं. लाल टोक, जळतंय. हा काठी घेऊन मागं धावायचा, तर कोणी नाही. परत येऊन बघतो तर विडी चालूच. त्याने आचाऱ्यावर संशय घेतला, मग साडूवर, मग पिंपळाखालच्या मुंजावर. नारळसुद्धा फोडला. शेवटी एका ट्रकवाल्याने सांगितलं, मालक, दिवसासुद्धा ओढतोय तो, जरा नीट बघा. तेव्हा कळलं, ठिपका पडद्यावर आहे. इतक्या दिवसांचा राग, त्याने अंगठ्याने असा चेपला की तिथं पांढरा डाग पडला. तो डाग घेऊन तो आमच्याकडे आला.

मी सांगितलं, हे आता होणार नाही. कौसा डोकावून म्हणाली, "जाऊ द्या भाऊ, आते तठे कोनी विडी नही ओढस. तठे चांद उगना."

दुसरा प्रकाशा गावातला फोटो स्टुडिओवाला, हिंमत. त्याने एका लग्नाचा अल्बम करायला घेतला. नवरीच्या गालावर एक ठिपका दिसला, म्हणून पुसला. जाईना. अजून पुसला. सगळी दुपार त्याने त्या पोरीचा गाल घासला, पार मळलेल्या कणकेसारखा केला. पुढचा फोटो घेतला तर तोच ठिपका नवरदेवाच्या कोटावर. त्याच्या पुढच्यात भटजीच्या नाकावर. तेव्हा तो घाबरून पडदा घेऊन आला.

मी त्याला एक सोपी गोष्ट दाखवली. फोटो पकडायचा आणि पडद्यावर इकडून तिकडे सरकवायचा. ठिपका फोटोबरोबर सरकला तर तो फोटोतला. जागेवर राहिला तर पडद्यातला. एवढंच. हिंमत कपाळाला हात लावून बसला. ठिपका आम्ही काढून दिला, पण पुढची मजा अशी की त्या नवरीच्या गालावर त्याच जागेच्या शेजारी खरा तीळ होता, आणि त्याने तोही पुसून टाकला होता. अल्बम गेल्यावर मुलीची आई स्टुडिओत येऊन उभी राहिली. "हाई मन्ही पोर नही. मन्ही पोरनी तीय कोठे शे?" हिंमतने नंतर तो तीळ परत काढून दिला, थोडा मोठाच निघाला म्हणे.

आणि धडगावचा एक. कचेरीतला ऑपरेटर. पडदा गोधडीत गुंडाळून, मांडीवर लेकरासारखा घेऊन, शेअर जीपमधून सगळा घाट उतरून आला. पडदा जोडला. पांढरा लावला, काळा लावला, लाल, हिरवा, निळा. कौसा बघतेय, मी बघतोय. ठिपका नाही. तो म्हणाला, "नाना, आईशप्पथ होता. सकाळी होता." बिचाऱ्याचं तोंड उतरलं. घाटातल्या धक्क्यांनी ठिपका वाटेतच सुटला होता. कधीकधी तो आपोआप सुटतो. पण त्याला फार वाईट वाटलं, आता साहेबाला काय सांगू म्हणाला. कौसाने त्याला चहा दिला आणि म्हणाली, "सांगा, नानांनी काढला. नानांचं बी नाव व्हई." तेव्हापासून हट्टी ठिपका आला की ती म्हणायची, याले धडगावनी जीपमा बसाडा.

आता डोळ्यांचं.

एकदा कोणीतरी नवा कोरा पडदा घेऊन आलं, खोक्यातून काढलेला, घेण्याआधी तपासून द्या म्हणून. मी पांढरा लावला. कौसा म्हणाली, "काया ठिपका शे." मला दिसेना, पण मला कधी आधी दिसायचा? मी पट्टी लावली तिने दाखवलेल्या जागी. काळा म्हणजे मेलेला, पण नव्या पडद्यात एखादा काळाही नुसता अडकलेला असतो, म्हणून आम्ही रंग फिरवले, चिंधी फिरवली. संध्याकाळी विचारलं, गेला का?

"नही. पन आते तो वर गया."

मी म्हटलं, वर गेला म्हणजे?

"वर गया म्हंजे वर गया. तठे होता, आते आठे शे. चाली ऱ्हायना तो."

धंद्यातलं मला जे थोडं कळतं त्यात एक पक्कं आहे. ठिपका चालत नाही. पडद्यावरचा ठिपका जन्मला तिथंच राहतो. मी बटण बंद केलं आणि तिला चुन्याच्या भिंतीकडे वळवलं.

"भीतवर बघ. शे का?"

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "भीतवर बी शे."

मी भिंतीवर हात फिरवला, तिथं काही नव्हतं.  ती म्हणाली, "मंग पडदा चांगला शे ना? देई टाका त्याले." गिऱ्हाइकाचा पडदा चांगला निघाला याचा तिला आनंद.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. साखर निघाली, बरीच वाढलेली, कधीपासून ते देवाला ठाऊक. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी मशीनवर तिची हनुवटी ठेवून डोळ्याच्या आतला फोटो काढला आणि समोरच्या पडद्यावर दाखवला. केशरी गोळा, त्यावर लाल शिरा, आणि जागोजाग गडद ठिपके. हे रक्त आहे, म्हणाले, आतल्या पडद्यावर सांडलंय.

मी उठून जवळ गेलो. म्हटलं, "डॉक्टर, रागवू नका. मी पडद्यांचंच काम करतो. तुमच्या मॉनिटरवर ठिपके नसतील ना?"

ते रागावले नाहीत. मी म्हटलं, फोटो जरा सरकवून दाखवा. त्यांनी माउसने फोटो धरला आणि हळूच उजवीकडे नेला.

ठिपके फोटोबरोबर गेले. सगळे गेले. एकही जागेवर राहिला नाही.

मी परत खुर्चीवर येऊन बसलो. कौसाने विचारलं, "काय झायं?" मी म्हटलं, "काही नही. त्यास्ना पडदा चांगला शे."

मग डोळ्यात सुया झाल्या, लेझर झालं. सुई म्हटल्यावर मलाच घाम फुटायचा. ती बाहेर येऊन म्हणायची, मिरचीपेक्षा कमी शे. सगळी उमर मिरचीत हात घातले पण तो हात तिने कधी डोळ्याला लावला नाही. पथारीवरून आली की तेल चोळायची, माती लावायची, साबणाने धुवायची, तरीही तोंड धुताना पाणी नुसतं वरून मारायची. इतकं जपलं. आणि नेलं ते साखरेने, आतल्या आत. डावा डोळा जवळजवळ गेला. उजव्याने तिला थंडीतल्या धुक्यातून दिसावं तसं दिसायचं. माणूस आलं कळायचं, कोण आलं ते आवाजावरून.

एका तपासणीला तिने डॉक्टरांना विचारलं, "मांगला पडदा खराब शे. पुढली काच कशी शे?"

डॉक्टर म्हणाले, काच उत्तम आहे, तरुण पोरीसारखी.

"मंग ती काढीसन दुसराले लावता येस का?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. त्यांना काय माहीत, हे आमच्या दुकानातलं बोलणं. आमच्याकडे पडदा पार गेला तरी आम्ही फेकत नाही. एकाचं आतलं जळतं, वरची काच चांगली असते. दुसऱ्याची काच फुटते, आतलं चांगलं असतं. एकाचं काढून दुसऱ्याला लावायचं. तिने आयुष्यभर हेच बघितलं. डॉक्टरांनी सांगितलं, हो काकू, लावता येते, मेल्यानंतर. साखर असली तरी चालतं. मात्र काही तासांच्या आत कळवायचं. पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा. तिने ते त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि मला म्हणाली, "ऐकं ना?"

मी ऐकलं होतं. रिक्षात बसल्यावर मी म्हटलं, हे होणार नाही.

माझं कारण साधं होतं. मी खोलणारा माणूस आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत खोललेल्या पडद्यांची रास पडलेली असायची. चांगलं काढून घेतलं की मागं जे उरतं ते मी रोज बघत होतो. नुसता सांगाडा, मध्ये भोक. कौसाला तसं बघायला मी तयार नव्हतो. हे मी तिला असं नीट कधी सांगितलं नाही. मी नुसतं ओरडायचो.

शेजारच्या घरात माझी मोठी भावजय राहते. ती तिला समजवायला आली. म्हणाली, "कौसा, असं करू नको. पुढला जलममा आंधयी व्हशी."

कौसा म्हणाली, "जिजी, हाई जलममाच व्हई गऊ ना मी. पुढलानं पुढे देखसूत."

भावजय माझ्याकडे वळली, "नाना, तुम्ही तरी सांगा." मी म्हटलं, "मी नाही म्हटलंय. माझ्या घरातून कोणाचे डोळे जाणार नाहीत."  त्यानंतर दोन दिवस कौसाने मला वाढलेल्या भाजीत मीठ जास्त पडत होतं.

दिसत नाही म्हणून ती दुकानात यायची थांबली नाही. आधी ती शोधायची आणि मी दाबायचो. आता मी भिंग घेऊन शोधायचो, सापडायला वेळ लागायचा, आणि ती दाबायची. तिचा हात माझ्यापेक्षा हलका निघाला. जे ठिपके मला कधी सुटले नसते ते तिच्या बोटाखाली सुटले. गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हातारीला दिसत नाही आणि हा तिच्याकडून काम करून घेतोय. एकाने तोंडावर म्हटलंही. कौसा त्याला म्हणाली, "भाऊ, दखात नही म्हनीसन तर दाबता येस. ज्याले दखास तो घाई करस." मी पण तेव्हा ऐकून घेतलं.

कधी ती विचारायची, "आते पडदा कसा दखास?" मी सांगायचो, पांढरा. "निस्ता पांढरा?" हो, नुसता पांढरा, धुतलेल्या धोतरासारखा. ती समाधानाने मान हलवायची. दुसऱ्याचा पडदा स्वच्छ झाला, याचं तिला जे सुख होतं ते मला कधी झालं नाही. मला फक्त काम संपल्याचं व्हायचं. हा आमच्यातला फरक. तो मला आता लिहिताना कळतोय.

तर त्या सकाळी. ती माझ्या आधी उठायची. मला जाग आली तेव्हा ऊन कौलाच्या फटीतून आत आलं होतं आणि चुलीकडून आवाज नव्हता. मी हाक मारली. मग हात लावला. हात लावल्यावर मला कळलं.

गल्लीतले डॉक्टर आले, नाडी बघितली, झोपेतच गेली म्हणाले, पहाटे केव्हातरी. भावजय आली आणि रडायला बसली. संदीपला, आमच्या मुलाला, सुरतला फोन लागला, तो म्हणाला निघतोच. बायका येऊन बसायला लागल्या. मी भिंतीला टेकून उभा होतो. कौसाच्या पापण्या अर्ध्या उघड्या होत्या. वर पंखा फिरत होता आणि तिच्या कपाळावरचे केस हलत होते.

मी काही ठरवलं नव्हतं. खोटं सांगणार नाही, त्या वेळीही मनात नाहीच होतं. पण मी जाऊन पंख्याचं बटण बंद केलं. मग तिच्या डोक्याखाली माझीही उशी दिली. बोटांनी पापण्या मिटल्या. मिटल्या लगेच, हलक्या होत्या. कापूस ओला करून पिळला आणि ठेवला. सगळं झाल्यावर मला कळलं की मी हे करतोय.

भावजय म्हणाली, "नाना, काय करी ऱ्हायनात? तुम्ही तर नही म्हनत व्हतात."

"मी नही म्हनत व्हतू, जिजी. ती नव्हती म्हनत."

मी डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. नाव सांगितलं, गल्ली सांगितली. ते म्हणाले, काका, माणसं पाठवतो, कापूस सुकू देऊ नका. मी वाटीत पाणी घेऊन तिच्याजवळ बसलो. कोणी येऊन पायाशी डोकं टेकवून जात होतं, मी कापूस भिजवत होतो.

दोघं आले, एक थोरला, एक धाकटा, छोटी पेटी घेऊन. नेमकी तेव्हा लाईट गेली. आमच्या आतल्या खोलीला एकच खिडकी, तीही बाजूच्या अंधाऱ्या बोळाकडे. थोरला म्हणाला, काका, उजेड लागेल, आणि सगळ्यांनी बाहेर थांबा. बायका उठून बाहेर गेल्या. मी दुकानातला बॅटरीवरचा हातदिवा आणला. धाकटा हात पुढं करून म्हणाला, द्या, मी धरतो.

मी म्हटलं, "तुम्ही तुमचं करा. उजेड मी धरतो."

थोरला म्हणाला, "काका, तुम्हाला बघवणार नाही."

मी म्हटलं, "धरतो."

त्यांनी कापूस काढला. मी सांगतील तिथं दिवा धरला. माणसं हळू हाताची होती, बोलत नव्हती. मला जे दिसेल म्हणून मी वर्षभर भांडलो तसं काही दिसलं नाही. त्यांनी पापण्या परत मिटल्या आणि कौसा होती तशीच होती, दुपारी पाठ टेकून पडायची तशी. 

पेटी बंद करून ते दोघं दारापर्यंत गेले. बाहेर कोणीतरी त्यांना वाट करून दिली. मी दिवा तसाच धरून तिथंच उभा होतो. मग थोरला परत आत आला, माझ्या मनगटाला हात लावून म्हणाला, "काका, झालं."

तेव्हा मी दिवा बंद केला.